मागं उभा राहणाऱ्या गड्याचं मोल



आज या पानावर उसाचा दर नाही, दुधाचं फॅट नाही, खताचा तुटवडाही नाही. आजचा विषय फुटबॉलचा आहे. पण म्हणून पान उलटू नका. शेवटपर्यंत वाचलंत तर तुमच्या ध्यानात येईल, की ही गोष्ट मैदानावरची असली तरी तिचं एक टोक तुमच्या ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या आणि दूध संस्थेच्या दारात येऊन पोचतं.

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल नवा नाही. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार अशा तालमी-मंडळांची नावं घेतली की पेठापेठांतली माणसं छत्रपती शाहू स्टेडियमकडं निघतात. खेड्यातली पोरंही मोटारसायकलवर बसून येतात. सामना संपला की चर्चा कुणाची होते? ज्यानं गोल मारला त्याची. मागच्या बाजूला उभा राहून ज्यानं चार वेळा गोल वाचवला, त्याचं नाव कुणी घेत नाही. त्याचं नाव निघतं ते फक्त त्याच्या हातून चूक झाल्यावर. बांधाचंही असंच असतं बघा. बांध फुटला की सगळा गाव बघायला येतो. बांध टिकला तर कोण विचारतो?

तर आज अशाच एका मागच्या गड्याची, म्हणजे बचावपटूची गोष्ट सांगायची आहे. तो असताना संघाचं काय झालं, तो नसताना काय झालं, आणि त्यातून आपण काय घ्यावं, हे बघू.

भांडी घासणारा पोरगा

गोष्ट आहे इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या क्लबची आणि व्हर्जिल व्हॅन डाइक या हॉलंडच्या खेळाडूची. हा १९९१ साली ब्रेडा गावात जन्मला. वडील डच, आई मूळची सुरीनामची. लहानपणी त्याच्यात कुणाला फार मोठं काही दिसलं नव्हतं. खेळता खेळता तो एका हॉटेलात भांडी घासायचं कामही करायचा. पुढं अंगानं उंच झाला, सव्वासहा फुटांच्या वर गेला. ग्रोनिंगन, मग स्कॉटलंडमधला सेल्टिक, मग इंग्लंडमधला साउदॅम्प्टन अशी एकेक पायरी तो चढत गेला.

इकडं लिव्हरपूलचं दुखणं निराळंच होतं. संघ गोल भरपूर मारायचा, पण मारलेलं राखता येत नव्हतं. ऑगस्ट २०१७ मध्ये वॉटफर्डशी ३-३ बरोबरी. ऑक्टोबरात टॉटनहॅमकडून ४-१ हार. नोव्हेंबरात स्पेनच्या सेव्हियाविरुद्ध मध्यंतराला ३-० आघाडी होती, आणि सामना संपला ३-३. डिसेंबरात आर्सेनलशी पुन्हा ३-३. म्हणजे पीक जोमात आलेलं, पण खळ्यावर येईपर्यंत निम्मं कुणीतरी खाऊन गेलेलं. अशा वेळी आणखी बी पेरून उपयोग नसतो. कुंपण घालावं लागतं.

क्लबनं ते केलं. जानेवारी २०१८ मध्ये व्हॅन डाइकला घेतलं. किंमत साडेसात कोटी पौंड, त्या वेळच्या दरानं सहाशे कोटी रुपयांहून जास्त. बचावपटूसाठी जगात तोवर एवढा पैसा कुणी मोजला नव्हता. पुष्कळ जण हसले. गोल न मारणाऱ्या माणसाला एवढे पैसे? आपल्याकडंही विहिरीला पैसा खर्च केला की लोक कौतुक करतात, आणि चर काढायला खर्च केला की म्हणतात, ह्याला काय वेड लागलं काय?

अडवण्याची रीत

हा गडी खेळतो कसा, ते आधी समजून घ्या. आपल्याला वाटतं, चांगला बॅक म्हणजे अंगावर धावून जाणारा, आडवा पडून चेंडू काढणारा. व्हॅन डाइकचं तसं नाही. तो फार क्वचित आडवा पडतो. समोरच्याची वाट आधी ओळखतो आणि त्या वाटेवर जाऊन उभा राहतो.

३१ मार्च २०१९ चा एक प्रसंग सांगतो. लिव्हरपूलच्या मैदानावर टॉटनहॅमशी सामना. १-१ अशी बरोबरी. शेवटची पाचएक मिनिटं राहिलेली. टॉटनहॅमचे दोन खेळाडू चेंडू घेऊन सुसाट निघाले आणि मागं लिव्हरपूलचा एकटा व्हॅन डाइक. दोघांत चेंडू होता सिसोकोकडं, आणि बाजूनं पळत होता सॉन, जो गोल मारण्यात पटाईत. आता एकट्यानं काय करायचं? धावून गेला असता तर चेंडू सॉनकडं गेला असता आणि गोल ठरलेला. मागंच सरत राहिला असता तर सिसोको थेट गोलीपुढं पोचला असता.

त्यानं काय केलं, तर दोघांच्या मधल्या वाटेवर अंग ठेवलं. सॉनकडं चेंडू जाणार नाही एवढी काळजी घेतली आणि सिसोकोला पुढं येऊ दिलं. सिसोकोनं शेवटी डाव्या पायानं, म्हणजे त्याच्या कच्च्या पायानं, फटका मारला. चेंडू गोलच्या वरून गेला. नंतर शेवटच्या मिनिटाला लिव्हरपूलला गोल मिळाला आणि सामना २-१ असा जिंकला.

दुसऱ्या दिवशीच्या निकालात तुम्हाला काय दिसणार? लिव्हरपूल २, टॉटनहॅम १. त्यात व्हॅन डाइकचं नाव कुठं नाही. पण तो क्षण निसटला असता तर निकाल उलटा लागायची पाळी आली होती. नोंद ठेवणाऱ्यांनी तर असं मोजलंय, की ऑगस्ट २०१९ पर्यंत लीगमधल्या सलग पन्नास सामन्यांत एकाही खेळाडूला त्याला चेंडूसकट चकवून पुढं जाता आलं नव्हतं.

हिशेब बदलला

आता आकडे बघू. इंग्लंडच्या लीगमध्ये प्रत्येक संघ मोसमात ३८ सामने खेळतो. लिव्हरपूलवर २०१६-१७ मध्ये ४२ गोल झाले होते. २०१७-१८ मध्ये, जेव्हा तो अर्ध्या मोसमानंतर आला, ३८ झाले. आणि २०१८-१९ मध्ये, जेव्हा तो सगळेच्या सगळे ३८ सामने खेळला, फक्त २२. त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यांत कमी गोल खाल्ले ते याच संघानं. गुण झाले ९७. मँचेस्टर सिटीचे ९८ झाले म्हणून एका गुणानं विजेतेपद हुकलं, पण १ जून २०१९ ला माद्रिदमध्ये टॉटनहॅमला २-० हरवून युरोपचा चॅम्पियन्स लीग करंडक त्यांनी घेतला. पुढच्या मोसमात ९९ गुण मिळवून लीगही जिंकली. तीस वर्षांनी. १९९० नंतर जन्मलेल्या पोरांनी ते पहिल्यांदाच बघितलं.

आणखी एक बघा. मागं माणूस भक्कम असला की पुढचे निर्धास्त होतात. लिव्हरपूलचे दोन्ही कडेचे बचावपटू, अलेक्झांडर-आर्नोल्ड आणि रॉबर्टसन, मागची काळजी सोडून पुढं धावू लागले. २०१८-१९ च्या लीगमध्ये एकानं १२ आणि दुसऱ्यानं ११ गोलांसाठी शेवटचा पास दिला. बचावपटू असून! घरात म्हातारं माणूस जागं असलं की तरण्याताठ्या पोरांना रात्री पाण्याच्या पाळीवर बिनघोर जाता येतं, तसंच हे.

पण सगळं श्रेय एकट्याच्या पदरात घालू नका. मे २०१८ मध्ये रिअल माद्रिदविरुद्धचा अंतिम सामना लिव्हरपूल ३-१ असा हरला, तेव्हा व्हॅन डाइक मैदानात होताच. त्या दिवशी गोलरक्षकाच्या दोन चुका महागात पडल्या. त्यानंतर क्लबनं ब्राझीलचा ॲलिसन हा गोलरक्षक घेतला. म्हणजे कुंपण घातलं आणि फाटकही बदललं. प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांची शिस्त होतीच. एका माणसानं संघ होत नाही. पण एका माणसामुळं बाकीच्यांचं काम सोपं होतं, हे मात्र खरं.

तो पडला आणि...

१७ ऑक्टोबर २०२०. शेजारच्याच एव्हर्टन संघाशी सामना. खेळ सुरू होऊन पाच-सहा मिनिटं झाली असतील. समोरच्या गोलरक्षकाशी झालेल्या धडकेत व्हॅन डाइकचा गुडघा गेला. गुडघ्यातला मुख्य स्नायुबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली आणि त्या मोसमात तो पुन्हा मैदानात उतरला नाही.

संकट एकटं येत नाही म्हणतात. नोव्हेंबरात दुसरा बचावपटू गोमेझ जायबंदी झाला. जानेवारीच्या शेवटी तिसरा, माटिप, मोसमभरासाठी गेला. मागच्या मधल्या जागेसाठी तीन मुख्य गडी होते, तिन्ही घरी बसले.

आता क्लॉपनी काय केलं, ते नीट वाचा. आजच्या लेखाचा गाभा इथंच आहे. त्यांनी मधल्या फळीतला फॅबिन्यो मागं आणला. पुढं कर्णधार हेंडरसनलाही मागं आणलं. दोघंही हुशार, अनुभवी, आपल्या कामात तरबेज. दोघांनी मागचं काम वाईट केलं असंही नाही. पण मधली फळी उघडी पडली. चेंडू हिसकावून पुढं पोचवणारं कुणी राहिलं नाही.

नाताळाला लिव्हरपूल गुणतक्त्यात पहिल्या नंबरावर होता. डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसला ७-० हरवलं होतं. आणि मग विहिरीचा झरा आटावा तसे गोल आटले. न्यूकॅसलशी ०-०. साउदॅम्प्टनकडून ०-१. मँचेस्टर युनायटेडशी ०-०. बर्नलीकडून ०-१. लीगमधले लागोपाठ चार सामने आणि एक गोल नाही! बर्नलीनं हरवलं ते लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, जिथं जवळजवळ चार वर्षं, ६८ लीग सामने, ते हरले नव्हते. आणि एकदा बांधाला भोक पडलं की पाणी थांबत नाही. ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी, फुलहॅम. घरच्या मैदानावर लीगमध्ये सलग सहा पराभव. क्लबच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. संघ सातव्या-आठव्या नंबरावर घसरला.

आकडा काय सांगतो, काय लपवतो

इथं जरा थांबा आणि आमच्याबरोबर हिशेब करा. वही काढलीत तरी चालेल.

त्या मोसमात लिव्हरपूलवर लीगमध्ये एकूण ४२ गोल झाले. व्हॅन डाइक पहिले चार सामने पूर्ण खेळला. लीड्सनं ३ केले, चेल्सीनं एकही नाही, आर्सेनलनं १, आणि ॲस्टन व्हिलानं चक्क ७. चार सामन्यांत ११ गोल. म्हणजे तो असतानाच सगळ्यांत मोठी नाचक्की झाली होती! त्या दिवशी ॲलिसन जखमी होता, ही गोष्ट वेगळी. एव्हर्टनचे दोन्ही गोल व्हॅन डाइक बाहेर गेल्यावर झाले. तो सामना धरून उरलेल्या ३४ सामन्यांत ३१ गोल झाले. सामन्याला एकाहूनही कमी. आदल्या वर्षी, जेव्हा लीग जिंकली, तेव्हा ३८ सामन्यांत ३३ झाले होते. म्हणजे प्रमाण जवळजवळ तेवढंच.

वरवर वही बघणारा म्हणेल, त्याच्या जाण्यानं काय बिघडलं? गोल तर तेवढेच बसले!

पण वहीचं दुसरं पान उलटा. लीग जिंकली त्या वर्षी लिव्हरपूलनं ८५ गोल मारले होते. सामन्याला सव्वादोन. तो पडल्यानंतरच्या ३४ सामन्यांत त्यांनी मारले ५७. सामन्याला दोनसुद्धा नाहीत. नुकसान झालं ते मागं नाही, पुढं! मागचा गडी गेला, त्याची जागा भरायला मधला माणूस आणला, आणि मधला माणूस हलवल्यामुळं पुढच्याची उपासमार झाली.

अर्थात दुसरी कारणंही होती. कोरोनामुळं मैदानं रिकामी होती. घरच्या प्रेक्षकांचा आवाज नव्हता. जोटा हा गोल मारणारा खेळाडूही डिसेंबरात जखमी झाला होता. हे सगळं धरूनसुद्धा मूळ दुखणं तेच, की एका जागेचं भोक बुजवायला दुसऱ्या जागेची माती काढली.

साध्या गड्यांनी सावरलं

मग हे सावरलं कसं? व्हॅन डाइक परत आला का? नाही. दुसरा सहाशे कोटींचा माणूस आणला का? तोही नाही.

मार्चमध्ये क्लॉपनी फॅबिन्योला त्याच्या मूळ जागी, मधल्या फळीत परत पाठवलं. आणि मागं उभे केले साधे गडी. नॅट फिलिप्स हा आदल्या वर्षी जर्मनीत दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये उसना खेळायला दिलेला. त्याच्या जोडीला आधी कबाक, तो तुर्कस्तानचा तरुण, हंगामापुरता उसना आणलेला. तोही जखमी झाला तेव्हा रिस विल्यम्स हा विशीतला पोरगा, जो वर्षापूर्वी इंग्लंडच्या सहाव्या श्रेणीत खेळत होता. व्हॅन डाइकच्या पासंगाला पुरतील असे हे गडी नव्हते. पण त्यांनी जमेल तेवढं काम चोख केलं. डोक्यानं चेंडू परतवला, नसती हुशारी केली नाही. आणि मुख्य म्हणजे बाकी सगळे आपापल्या जागेवर परत गेले.

निकाल? शेवटचे दहा लीग सामने, आठ जिंकले, दोन बरोबरीत, हार एकही नाही. दहा सामन्यांत अंगावर गोल फक्त सहा. मध्येच वेस्ट ब्रॉमविरुद्ध गोलरक्षक ॲलिसननं पुढं धावत जाऊन डोक्यानं विजयी गोल मारला, तोही याच काळातला. संघ तिसऱ्या नंबरावर येऊन थांबला आणि पुढच्या वर्षीच्या चॅम्पियन्स लीगची जागा वाचली. तिथले पैसे मोठे. ते हुकले असते तर क्लबला पुढची कित्येक वर्षं झळ बसली असती.

पुढच्या मोसमात व्हॅन डाइक परतला. अंगावरचे गोल २६ वर आले, मारलेले ९४ झाले, गुण ९२. पुढं तो कर्णधार झाला आणि २०२४-२५ मध्ये अर्ने स्लॉट या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली लिव्हरपूलनं पुन्हा लीग जिंकली. तोवर त्यानं वयाची तेहतिशी गाठली होती. त्या मोसमात तो ३८ पैकी ३७ सामने खेळला.

आता तुमच्या गावाकडं या

मंडळी, आता मला सांगा, तुमच्या गावात असा मागं उभा राहणारा गडी कोण आहे? प्रत्येक गावात एखादा तरी असतो. पहाटे उठून नळाचे व्हॉल्व्ह फिरवणारा असेल. कोणत्या गल्लीला पाणी किती वेळ चढतं, हे फक्त त्याच्या डोक्यात असतं, कागदावर कुठंच नाही. पाटाच्या पाण्याची पाळी बिनतंट्यानं लावणारा पाटकरी असेल. पावसात खांबावर चढणारा वायरमन असेल. सोसायटीचं दप्तर संभाळणारा जुना सचिव असेल. तो आहे तोवर त्याचं नाव कुणी घेत नाही. ग्रामसभेत त्याचा विषय निघतो तो पाणी आलं नाही त्या दिवशीच.

तो आजारी पडला, निवृत्त झाला, बदलून गेला, की आपण काय करतो? तेच, जे क्लॉपनी आधी केलं. दुसऱ्या चांगल्या माणसाला अतिरिक्त कार्यभार देतो. तोही हुशार असतो, नाही म्हणत नाही. पण दोन गावांचा, दोन कामांचा चार्ज घेतला की दोन्हीकडं अर्धंमुर्धं होतं. मग आपण त्यालाच बोल लावतो. चूक त्याची नसते, त्याला हलवणाऱ्यांची असते.

म्हणून सरपंच, सदस्य, संस्थांचे चेअरमन, सगळ्यांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, असा माणूस आपल्याकडं कोण आहे, ते आजच ओळखा. तो पडल्यावर ओळखून उपयोग नाही. त्याचा पगार, मानधन थकलं असेल तर आधी ते द्या. गोल मारणाऱ्याला हार घालता, तर राखणाऱ्यालाही एकदा घाला.

दुसरी, त्याच्या हाताखाली एक पोरगा आत्तापासून तयार करा. तो त्याच्याइतका हुशार नसला तरी चालेल. पण काम बघून बघून शिकलेला हवा. व्हॉल्व्हचा नकाशा, पाळीचं वेळापत्रक, दप्तराची रीत कागदावर उतरवून ठेवा.

तिसरी, वेळ आलीच तर त्या साध्या पोरालाच त्या जागेवर उभा करा. सुरुवातीला चुकेल. आठ दिवस पाणी मागंपुढं होईल, बायाबापड्या दोन शब्द बोलतील. पण बाकीची माणसं आपापल्या जागेवर राहिली तर गावगाडा थांबणार नाही.

आणि पुढच्या वेळी शाहू स्टेडियमवर गेलात, तर दहा मिनिटं चेंडूकडं बघू नका. मागं उभ्या असलेल्या बॅककडं बघा. तो कुठं सरकतो, कुणाला हाक मारतो, कुठली वाट बंद करतो, ते बघा. मॅच वेगळीच दिसेल. आणि परत गावात आलात की सकाळी नळाला पाणी आल्यावर, ते सोडणाऱ्याची एकदा तरी आठवण काढा.